भयाची जागा

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढले की वस्तूंच्या जागा बदलतात. वर्षभर जी गोष्ट डोळ्यांसमोर असूनही दिसत नसते, ती त्या दोन दिवसांत हातात येते, फडक्याने पुसली जाते, आणि परत ठेवताना 'ही येथेच कशाला?' असा प्रश्न पडतो. गेल्या वर्षी आमच्या घरात अशीच एक वस्तू हलली. वस्तू लहान, माझ्या तळहाताहून थोडी मोठी; तिला दोन शिंगे आणि चार हिरवे डोळे. इंटरनेट ज्यातून घरभर पसरते, तो राउटर.

तोवर तो मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर होता. मुलगी दहावीला. त्याच सुमारास कोणीतरी मोबाइलवर एक लांबलचक मजकूर पाठवला होता. या पेटीतून निघणाऱ्या लहरींनी मुलांची झोप उडते, स्मरणशक्ती जाते, कर्करोग होतो, असे त्यात लिहिले होते. खाली कोणाचे नाव नव्हते. शास्त्रीय शब्द मात्र भरपूर होते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे चित्रकलेची पदविका घेऊन मी शाळेत रंग आणि रेषा शिकवतो, आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. शास्त्राच्या नावाने कोणी काही सांगितले की मला भीती आधी वाटते आणि समजते मागाहून. मी राउटर उचलला आणि त्याची वायर जेथवर पोचेल तेथवर नेला. ती आईच्या खोलीपर्यंत पोचत होती. तिच्या पलंगाच्या उशाशी एक फळी आहे. तिच्यावर विठोबाची तसबीर, चष्म्याचे घर आणि दम्याचा पंप असतो. तसबीर थोडी सरकवून मी राउटर तेथे ठेवला.

आई खाली बसून भाजणीची डाळ निवडत होती.

"ह्ये हितं कशाला रं?"

"पोरीच्या डोक्याशी नको म्हणून. त्याच्या लहरी वाईट असतात म्हणे."

तिने त्या हिरव्या डोळ्यांकडे पाहिले. "मग हितं न्हाईत व्हय वाईट?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नव्या औषधाची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे ती ज्या आवाजात विचारते त्याच आवाजात तिने हेही विचारले. मी म्हटले, "तसं काही नसतं गं." ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा डाळ निवडू लागली.

मी मात्र पकडला गेलो होतो. लहरी वाईट असतील, तर मी आईच्या उशाशी संकट आणून ठेवले होते. तसे काही नसेल, तर मुलीच्या टेबलावरून ती पेटी हलवायचे कारणच नव्हते. ही दोन्ही वाक्ये मी एका मिनिटाच्या आत, एकाच तोंडाने बोललो होतो, आणि दोन्हींवर माझा त्या त्या क्षणी पूर्ण विश्वास होता.

लहरींचे खरेखोटे मी नंतर जमेल तसे समजून घेतले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या जातीच्या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात घातले, हे खरे आहे. पण त्याच वर्गात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. (आपले तेलातले लोणचे नव्हे, चीन-जपानकडची तऱ्हा.) वर्ग आहे तो पुराव्याच्या बळाचा, धोका केवढा, हे त्यावरून कळत नाही. घरच्या राउटरची लहरी सोडण्याची शक्ती एका वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते, आणि अंतर दुप्पट केले की लहरींची तीव्रता एक चतुर्थांशावर येते. अशा दुबळ्या लहरींनी प्रकृतीला अपाय होतो असा पटण्याजोगा पुरावा नाही, असे त्याच जागतिक संघटनेने २००६ साली म्हटले होते. थोडक्यात, माझी भीती बरीचशी वायफळ होती. हे वाचून मला हायसे वाटायला हवे होते. वाटले नाही, कारण माझी चूक लहरींच्या हिशेबात नव्हती. धोका आहे असे मनापासून वाटत असताना मी तो कोठे नेऊन ठेवला, हा प्रश्न लहरी निरुपद्रवी ठरल्याने सुटत नाही. बंदुकीत गोळी नव्हती हे चाप ओढल्यानंतर कळले, एवढेच.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे माझ्या काळजीची प्रत कळेल. त्याच संध्याकाळी डास फार झाले म्हणून आईच्या पलंगाखाली मी स्वतः डासांची कॉइल पेटवून ठेवली. एक कॉइल जळून संपेपर्यंत तिच्यातून जेवढे बारीक धूलिकण हवेत जातात तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून जातात, असे संशोधकांनी २००३ साली मोजून प्रसिद्ध केले आहे. आणि अंगणात शेजारची मुले नागगोळी पेटवत होती, तिचे आम्ही दारात उभे राहून कौतुक करत होतो. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून लहान मुलांच्या हाती निर्धास्त दिली जाणारी ही नागगोळी. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा लडी, फुलबाजी, भुईचक्र, झाड या सगळ्यांत बारीक धुळीच्या बाबतीत ती पहिली आली. पण नागगोळी ओळखीची, कॉइल ओळखीची. भीती वाटायला काहीतरी अनोळखी लागते, आणि हिरवे डोळे मिचकावणारी पेटी त्या कामाला सोयीची होती.

शाळेतल्या एका मित्राला मी हे सगळे सांगितले. तो गणित शिकवतो. त्याने शांतपणे माझी बाजू घेतली. म्हणाला, "यात चूक काय? असले रोग शरीरात मुरायला वीस-वीस, तीस-तीस वर्षे लागतात. तुझी मुलगी पंधरा वर्षांची, आई बहात्तर. धोका कोठे तरी ठेवायचाच असेल तर जेथे त्याला वाढायला वेळ मिळणार नाही तेथे ठेवावा. हे क्रौर्य नव्हे, हे गणित आहे."

युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०११ साली जपानमध्ये फुकुशिमाचे अणुवीज केंद्र फुटले, तेव्हा यासुतेरु यामादा नावाच्या ७२ वर्षांच्या निवृत्त अभियंत्याने आपल्यासारख्या म्हाताऱ्या जाणत्या माणसांचे पथक उभे केले होते. किरणोत्सर्गाच्या जागी तरुणांना पाठवू नका, आम्हाला पाठवा. आम्हाला कर्करोग होईपर्यंत आमचे आयुष्यच उरलेले नसेल, असे त्यांचे म्हणणे. गणित अगदी माझ्या मित्राचेच. शेकडो वृद्धांनी नावे दिली. त्या माणसांपुढे मी मान लववतो.

पण यामादांनी ते गणित स्वतःवर मांडले होते. मी ते आईवर मांडले. तेही आधी मांडले नाही, वायर पोचली म्हणून ठेवले आणि समर्थन मागाहून शोधले. शिवाय घरात तिसरी जागाही होती. माझ्या उशाशीसुद्धा एक फळी आहे. वायरला फूटभर जोड दिला असता तर तेथवर ती पोचली असती. ते मला सुचले नाही, आणि का सुचले नाही याचे उत्तर मला फार दिवस सापडत नव्हते.

मित्र म्हणाला, "मग आईला विचारून ठेवायचे होतेस." हा सल्ला कानाला बरा वाटतो. पण आईला विचारणे म्हणजे काय, हे ज्याला आई आहे त्याला ठाऊक आहे. मी विचारले असते तर ती 'ठेव की' म्हणाली असती. उरलेल्या भाकरीचा वाळका तुकडा, गळणाऱ्या छपराखालची झोपायची जागा, प्रवासात उन्हाकडची खिडकी, या सगळ्यांना ती आयुष्यभर 'मला चालतंय' म्हणत आली. ज्या माणसाला नाही म्हणायची सवयच लागू दिलेली नाही, त्याच्या होकाराची किंमत किती धरायची? कायद्यात अशा होकाराला काय म्हणतात मला माहीत नाही. घरात त्याला प्रेम म्हणतात, आणि आपण त्यावर दिवस काढतो.

आता आईच्या छातीविषयी सांगितले पाहिजे. आमचे गाव इचलकरंजी. येथे विजेचे यंत्र घरात आले ते करमणुकीसाठी आले नाही. वडील मागावर रात्रपाळीला जात, आणि आई घरी कांड्या भरत असे. बाणाचे सूत कांडीवर गुंडाळायचे, ती कांडी धोट्यात बसते आणि धोटा मागावर इकडून तिकडे धावतो. आधी ती हे काम हाताच्या रहाटावर करी. मी शाळेत जाऊ लागलो त्या सुमारास एक छोटी मोटर लावलेले यंत्र घरात आले. आमच्या घरातले ते पहिले विद्युत उपकरण. पंखासुद्धा त्याच्यानंतरचा. यंत्र सुरू झाले की सूत झरझर फिरे, आणि कापसाची सूक्ष्म धूळ उडे. ती देवाच्या तसबिरीवर बसे, माझ्या पुस्तकांवर बसे, पाण्याच्या घागरीवर झाकलेल्या फडक्यावर बसे. कवडशात ती इतकी सुंदर दिसे की मी पुढे चित्रांकडे वळलो तो तिच्यामुळे असे मला कधी कधी वाटते. माझी फी त्या यंत्रातून निघाली. आईचा खोकलाही.

सूत आणि छाती यांचे वैर जुने आहे. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात जवस आणि ताग विंचरणाऱ्या माणसांना त्या धुळीने खोकला आणि धाप लागते याची नोंद आहे. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत 'तुझा धंदा काय?' हा एक प्रश्न वाढवा, असे त्याने आपल्या व्यवसायबंधूंना सांगितले. कापसाच्या धुळीने होणाऱ्या रोगाची एक खूण पुस्तकांत दिलेली असते : आठवड्याची सुटी घेऊन माणूस कामाला परतला की पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. आईच्या दुखण्याला डॉक्टर नुसता दमा म्हणतात. तिला तिचा धंदा आजवर कोणी विचारला नसावा. मीसुद्धा कधी सांगितला नाही.

सांगायचा मुद्दा हा की हवेच्या बाबतीत आमच्या घरात कोणी तज्ज्ञ असेल तर ती आई. चाळीस वर्षे तिने हवा छातीने मोजलेली आहे. आणि हे मला कळले ते आणखी एक यंत्र आणल्यानंतर.

राउटरचे खुपत होते म्हणून असेल, त्या हिवाळ्यात मी आईच्या खोलीसाठी हप्त्याने हवा शुद्ध करणारे यंत्र घेतले. त्यात एक पडदा असतो. हवा त्यातून ओढली जाते आणि बारीक धूळ मागे राहते. चांगल्या प्रतीचा पडदा धुळीच्या अतिसूक्ष्म कणांपैकीही १०० मधले जवळजवळ सगळे अडवतो, आणि ही गोष्ट खरी आहे. त्यात फसवणूक नाही. यंत्रावर आकडाही उजळतो. आम्ही खिडकी लावून घेतली, कारण तसे पुस्तिकेत लिहिले होते. बटण दाबले तेव्हा आकडा ७० च्या वर होता. अर्ध्या तासात ९ झाला. एका दिवसाच्या सरासरीला जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १५ आहे, आपल्या देशाची ६०. ९ हा आकडा पाहून मला तीर्थयात्रा घडवून आणल्यासारखे वाटले.

रात्री आईने यंत्र बंद केले. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या रात्री मी चिडलो.

"एवढे पैसे घातले तुझ्यासाठी, आणि तू बंद करतेस?"

"वास मारतंय त्ये. ईज पडल्यावर येतोय न्हवं, तसला. आनि कोंडतंय."

मला वास येत नव्हता. आकडा तर ९ होता. तो मी तिला दाखवला. आकड्याकडे बोट करून मी तिला समजावत होतो की तुला कोंडत नाही. आता लिहिताना हे वाक्य मला वाचवत नाही. पण त्या वेळी ते अगदी सरळ वाटले होते.

हा वास मुलीने ओळखला. तिला वास आला नव्हता; आजीचे 'ईज पडल्यावर' हे शब्द तिने ऐकले आणि म्हणाली, "बाबा, हा ओझोन असेल." वीज चमकल्यावर हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो. शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली विजेच्या प्रयोगातला हा वासच पकडला, आणि 'वास' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून वायूचे नाव ठेवले. हवेच्या दहा कोटी भागांत एक भाग ओझोन असला तरी तीक्ष्ण नाकाला तो कळू शकतो. आकाशात उंचावर हा वायू आपले रक्षण करतो. छातीत गेला तर श्वासनलिकेचा दाह करतो, आणि दम्याच्या माणसाला तो अधिक सोसवत नाही. आमच्या यंत्राला पडद्याशिवाय एक जास्तीची सोय होती. निळा दिवा लागला की ते हवेत विद्युतभारित कण सोडते, असे पुस्तिकेत अभिमानाने लिहिले होते. अशा सोयीच्या यंत्रांतून थोडाफार ओझोन निघू शकतो. म्हणूनच अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २००७ साली हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर मर्यादा घालणारा नियम केला. आमच्या यंत्रातून किती निघत होता हे मोजायला माझ्याकडे साधन नव्हते. आईचे नाक होते. निळा दिवा बंद केला. त्या रात्री तिने वासाची तक्रार केली नाही.

कोंडण्याची मात्र केली. त्याचेही उत्तर जुनेच निघाले. म्युनिकच्या पेटेनकोफर यांनी १८५८ साली सांगून ठेवले होते की माणसांच्या खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हजारात एक भागाच्या वर जाऊ देऊ नये. तो वायू तेवढ्याने विषारी होतो म्हणून नव्हे, तर खोलीतली हवा शिळी झाली आहे याची ती खूण, म्हणून. बाहेरच्या हवेत आज तो दहा हजारांत चार भागांहून थोडा अधिक आहे. बंद खोलीत झोपलेले एक माणूस तासाला दहा-पंधरा लिटर तो सोडते. यंत्राचा पडदा धूळ अडवतो, वायू अडवत नाही. आकडा धुळीचा होता आणि आई हवेविषयी बोलत होती. खिडकीची एक फळी उघडली. आकडा ३० वर गेला. यंत्राला बरे वाटेना, आईला बरे वाटले. अर्थात गल्लीत कोणी कचरा पेटवला की आम्ही खिडकी लावतो आणि यंत्राला काम सांगतो. पण कोणत्या रात्री काय करायचे, हे आता तीच ठरवते.

यंत्र बंद करणे हेच तिचे 'नाही' होते. तीन रात्री ती मला नाही म्हणत होती, आणि मी तो आईचा हट्ट समजत होतो. जो तोंडाने नाही म्हणत नाही, त्याचे नाही हाताने, झोपेने, खोकल्याने बोलले जाते. ते ऐकायचे तर आपला आकडा थोडा वेळ झाकून ठेवावा लागतो. राउटरच्या फळीचे कोडे मला येथे थोडे उलगडले. माझ्या उशाशीची फळी मला सुचली नाही, कारण तेथे ठेवला असता तर मीच कुरकूर केली असती. जेथून कुरकूर येणार नाही तेथे हात आपोआप गेला.

याच ओघात त्या दिवाळीतली दुसरी गोष्ट सांगतो. राउटर हलला त्याच दिवशी माळ्यावरचा जुना रंगीत टीव्ही काढला. १९९६ साली, माझ्या मॅट्रिकच्या वर्षी घेतलेला. पाठीला पोक असलेला. 'लांब बसा, डोळे जातील' असे आई त्याच्यासमोर आम्हाला ओरडायची. त्या ओरडण्याला एक इतिहास आहे हे मला आता कळले. १९६७ साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या रंगीत टीव्हींतून क्ष-किरण प्रमाणाबाहेर बाहेर येतात असे आढळले, हजारो संच दुरुस्तीला घ्यावे लागले, आणि पुढल्याच वर्षी तेथे त्यासाठी कायदा झाला. किरण घरातल्या माणसांपर्यंत पोचू नयेत म्हणून अशा टीव्हीच्या नळीच्या काचेत शिसे मिसळतात. मागच्या नरसाळ्यासारख्या भागात तर वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढे शिशाचे संयुग असते. टीव्हीची पेटी तापून पेट घेऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची रसायने घालत. ही दोन्ही आमच्या रक्षणासाठी. दिवाणखान्यात बसून मालिका पाहणारे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून कोणीतरी काळजीने केलेली व्यवस्था.

भंगारवाल्याने १५० रुपये दिले. गाडा ढकलणाऱ्या पोराने मला नमस्कार केला. दोन वर्षांपूर्वी तो माझ्या वर्गात होता; रेषेवर त्याचा हात चांगला बसला होता. मी विचारले, याचे काय करता? तो उत्साहाने सांगू लागला. "मागं तांब्याची गुंडाळी असते सर, ती काढतो. काच फोडून टाकतो. वायरी जाळल्या की तांबं मोकळं होतंय."

मी त्याला चिवड्याची पुडी दिली.

वायरीचे प्लास्टिक असे उघड्यावर जाळले तर डायऑक्सिनसारखी विषे धुरातून निघतात, आणि शिसे लहान वयाच्या मेंदूला काय करते हे आता सर्वमान्य आहे. दिल्लीतल्या सीलमपूरला, मुरादाबादेला हेच काम मोठ्या प्रमाणावर होत आल्याचे मी वाचले होते. भारतात अशा कचऱ्यासाठी २०१२ पासून नियम लागू आहेत; अधिकृत ठिकाणी तो द्यावा अशी व्यवस्था आहे. मी ते ठिकाण शोधले नव्हते. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन असा कचरा निघाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही. त्या टनांत माझा टीव्ही नव्हता, तो पुढच्या कोणत्या तरी आकड्यात जाईल. पण त्या पोराच्या अंगणात तो आधीच गेलेला आहे. आमच्यापासून किरण अडवणारे शिसे त्याच्या हातात फुटले. राउटर पंधरा फूट हलवला तेव्हा मला निदान आईचा प्रश्न ऐकू आला. टीव्ही हलवला तेव्हा प्रश्न विचारणारे कोणी नव्हते; जो होता तो मला सर म्हणत होता.

मात्र हलवलेली गोष्ट कधी कधी परतही येते. स्वीडनमध्ये मातांच्या दुधाचे नमुने वर्षानुवर्षे साठवून ठेवण्याची पद्धत होती. १९७२ ते १९९७ या काळातले नमुने तपासले, तेव्हा ब्रोमीनच्या त्या आगरोधक रसायनांचे प्रमाण साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलेले दिसले. आग विझवायला घातलेली वस्तू पाळण्यापर्यंत पोचली होती. त्यांतल्या काहींवर २००९ साली आणि आणखी एकावर २०१७ साली आंतरराष्ट्रीय करारान्वये बंदी आली. बंदी आणणाऱ्यांनी कोणाच्या तरी दुधाकडे पाहिले म्हणून ती आली.

उन्हाळ्यात माझ्यावरही पाळी आली. शेजाऱ्यांनी एसी बसवला, आणि त्याची बाहेरची पेटी नेमकी आईच्या खिडकीसमोर आली. खोलीतली उष्णता तो बाहेर टाकतो आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तिच्यात भर घालून टाकतो. मोठ्या कष्टाने उघडायला शिकलेली खिडकी पुन्हा बंद झाली. मी तावातावाने गेलो. शेजारी दारात आले, हात जोडून म्हणाले, "मास्तर, तान्हं बाळ आहे. उकाड्यानं रात्रभर रडतंय. दुसऱ्या भिंतीवर बसत नाही हो ते, पाइप पोचत नाही."

पाइप पोचत नाही. मी काही न बोलता परत आलो. पुढे आम्ही दोघांनी मिळून पत्र्याचा एक आडोसा केला आणि गरम झोत वरच्या दिशेला वळवला. वरच्या मजल्यावर सध्या भाडेकरू नाही.

यंदा घर आवरताना राउटरला वायरचा जोड आणला आणि तो माझ्या खोलीत, लिहायच्या टेबलावर आणून ठेवला. विठोबाची तसबीर पुन्हा मधोमध आली. वायर दाराच्या उंबऱ्यावरून जाते, आणि दिवसातून एकदा तरी कोणी अडखळते. मागच्या खोलीत आता इंटरनेट नीट पोचत नाही, म्हणून अकरावीतली मुलगी तिची वह्यापुस्तके घेऊन माझ्या टेबलाशीच बसते. जुन्या टेबलापेक्षाही त्या हिरव्या डोळ्यांच्या जवळ. काल ती तशी वाचत बसली असताना आई भाजणीचे ताट घेऊन दारात आली, वायर ओलांडून आत बसली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "खिडकी उघड गं तेवढी."